कांदळवन लावायला पाहुणे येतायत? आधी जागा आपण दाखवू



हल्ली सुट्टीच्या दिवशी शहरातून कॉलेजची पोरं, कंपन्यांची माणसं खाडीवर कांदळवन लावायला येतात. मन चांगलं असतं, मेहनतही करतात. पण जागा चुकली तर रोपं मरतात आणि नुकसान आपल्या जाळ्याचं होतं. म्हणून आजचा धडा यावर.

सुरुवात करू समुद्र नसलेल्या इंदूरपासून. तिथल्या सिरपूर तलावाला गाळ, सांडपाणी, अतिक्रमण आणि शिकारीने घेरलं होतं. 1990 च्या दशकापासून भालू मोंढे आणि त्यांच्या 'द नेचर व्हॉलंटिअर्स' संस्थेने तलावाचा पिच्छा सोडला नाही. मोंढे यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. 2022 साली सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही पाणथळं रामसर यादीत आली. यशवंत सागरातून शहराला पाणी जातं आणि तिथे मासेही वाढवले जातात. 2025 साली उदयपूरसोबत इंदूरला रामसरची 'पाणथळ शहर' ही मान्यता मिळाली.

यातून आपण काय घ्यायचं? एका दिवसाच्या फेरीने पाणी सुधारत नाही. आधी बिघाड थांबवायचा आणि मग वर्षानुवर्षं राखण करायची.

खाडीत हे कसं लागू पडतं?

1. आधी पाणी बघा. कांदळवन का मेलं? भराव पडला, बांध घातला की मोरी बुजली? भरतीचं पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू लागलं आणि जवळ जुनी झाडं असली, तर बी वाहत येऊन आपोआप रुजतं. तिथे लागवडीची गरजच पडत नाही.

2. उंची बघा. जी जागा दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ पाण्याखाली असते, तिथे रोप तग धरत नाही. होडीच्या बुडाला चिकटतात तसली कवचं रोपाला धरतात, लाटा ते उपटतात. फिलिपिन्समध्ये अशा खालच्या चिखलात फार मोठ्या लागवडी झाल्या, त्यातली बहुतेक रोपं मेली.

3. उघडा चिखल म्हणजे पडीक जागा नव्हे. आपल्या बायका तिसऱ्या काढतात ती हीच जागा. होडीची वाट, जाळं लावायची जागा, शिंपल्यांचा पट्टा, इथे एकही रोप नको.

4. झाड ओळखा. कांदळाची शेंग झाडावरच रुजते. पिकलेली शेंग साधारण एक तृतीयांश चिखलात खोचली की पुरे. तिवराचं तसं नाही, त्याचं बी लहान असतं. नेहमी त्याच खाडीतलं बी घ्या. तिवराची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात, ती तुडवू नका.

5. परवानगी घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांमुळे कांदळवनाला आणि त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्याला संरक्षण आहे. लागवडीआधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाशी बोला.

समुद्री गवताचं काय?

हे शेवाळ नव्हे, मुळं-फुलं असलेलं गवत. त्याला ऊन लागतं, म्हणून आपल्या गढूळ पाण्यात ते फारसं दिसत नाही. तामिळनाडूच्या पाल्क खाडीत त्याची मोठी कुरणं आहेत. तिथे बांबूच्या चौकटीला काथ्याने गवत बांधून ते पुन्हा लावतात. पण वरून ट्रॉल ओढला किंवा नांगर फरफटला, तर सगळी मेहनत फुकट.

आपण काय करायचं?

कोळंबी, चिंबोरी, बोई, जिताडा यांची पिल्लं कांदळवनाच्या मुळांत वाढतात. उद्याची मासळी तिथेच आहे. म्हणून पाहुण्यांना हाकलू नका, पण त्यांच्या मागेही जाऊ नका. उधाणाची भरती कुठवर चढते आणि भांगाला पाणी कुठे थांबतं, हे आपल्या म्हाताऱ्यांइतकं कुणाला ठाऊक? गावच्या बैठकीत जागा ठरवा. होडीचं आणि राखणीचं काम गावाकडे ठेवा, त्याचा मोबदला मागा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यातून कमावतात. आणि पाहुण्यांना एक प्रश्न नक्की विचारा: पुढच्या वर्षी किती रोपं जगली, हे मोजायला परत येणार का?

"हो" म्हणतील त्यांना होडीत घ्या.