दानाची चिठ्ठी
शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७

बाजाराच्या दिवशीं एखादा बेघर मनुष्य आपणापुढें हात पसरतो, तेव्हां मनांत दोन विचार एकदम उठतात. पैसा दिला तर तो गुत्त्यांत जाईल काय? न दिला तर हा उपाशी निजेल काय? या पेचांतून सुटण्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं लोकांनीं रोख पैशाऐवजीं अन्नाची चिठ्ठी देण्याची रीत घातली. ती रीत आपण देववचनाच्या उजेडांत तपासून पाहूं.

लंडन शहरांत इ. स. १८१८ मध्यें भीक मागणें बंद पाडण्याच्या हेतूनें मेंडिसिटी सोसायटी नांवाची संस्था निघाली. तिच्या वर्गणीदारांस छापील तिकिटें मिळत. रस्त्यांत भिकारी भेटला म्हणजे ते त्यास नाणें न देतां तिकीट देत. तें घेऊन तो संस्थेच्या कचेरींत जाई. तेथें त्याची चौकशी होई, मग त्यास अन्न मिळे, व कित्येकांस काम दिलें जाई. भुकेल्यांस अन्न मिळालें हें चांगलेंच झालें. परंतु त्याच संस्थेचे शिपाई भिकाऱ्यांस पकडून न्यायाधीशापुढें उभे करीत. एका हातांत भाकर, दुसऱ्या हातांत बेडी! आणि तिकीट देणाऱ्या सद्गृहस्थाचें काम रस्त्यावरच संपे.

आतां शोमरोनी मनुष्याकडे पाहा. त्यानेंही जखमी मनुष्याच्या हातीं पैसे दिले नाहींत. दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, त्यानें उतारशाळेच्या रक्षकास दिली. परंतु त्याआधीं तो जवळ गेला, त्यानें जखमा बांधिल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविलें व उतारशाळेंत त्याची काळजी घेतली. अधिक खर्च झाल्यास परत येतांना फेडीन, असें वचनही दिलें. त्या दोन दिनारांच्या मागें तो स्वतः उभा होता. यावरून दिसतें कीं, चिठ्ठी देणें वाईट नव्हे. चिठ्ठी देऊन पाठ फिरविणें वाईट.

एखाद्या मंडळीस ही रीत घालावयाची असेल, तर चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, खाणावळवाल्यास पैसे अगोदर द्यावे, म्हणजे चिठ्ठी आणणारा दारांतून परत पाठविला जाणार नाहीं. दुसरी, त्यास इतर गिऱ्हाइकांच्या पंक्तीसच बसवावें, अशी बोली करावी. वेगळें बसविणें म्हणजे काय, हें आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांनीं भोगिलें आहे. तिसरी, उपासनेस येण्याची अट घालूं नये. भाकरीच्या मोबदल्यांत आलेला विश्वास हा विश्वास नव्हे. चौथी, त्याचें नांव विचारावें, आणि त्याची गरजही. कोणास औषध पाहिजे असतें, कोणास गांवीं जाण्याचें भाडें. तेथें जेवणाची चिठ्ठी निरुपयोगी आहे. तो ती निम्म्या किंमतीस विकील, आणि आपण त्यास लबाड म्हणूं. अशा वेळीं रोख पैसाच द्यावा. आपल्या मजुरीचा हिशेब दर शनिवारीं कोणी मागितला, तर आपणांस तें रुचेल काय?

उपदेशकांनीं येत्या आठवड्यांत हा भाग वाचून मंडळीस एकच प्रश्न विचारावा : आपल्या गांवाच्या एस. टी. स्टँडवर अथवा देवळाच्या ओसरीवर रात्रीं निजणाऱ्या एका तरी मनुष्याचें नांव आपणांस ठाऊक आहे काय?