आधी बियाणे राखा

पेणजवळ जोहे, हमरापूर गावांत घरोघर गणपती घडतात. आमच्याही घरी घडतात. काम वर्षभर, पण पैसा येतो भाद्रपदात. तेल, डाळ महागली, तसा तो दिवाळीतच संपू लागला. मग वाण्याकडे उधारी.

रोह्याची मावशी म्हणाली, "भात झोडलं की आम्ही आधी बियाणं राखतो. पैशाचंही तसंच करा."

आम्ही वही केली. माती-रंगाचे पैसे आधी बाजूला काढले. उरले ९६,००० रुपये. महिने १२. म्हणजे महिन्याला ८,००० रुपये. पैसे बँकेत ठेवले. तिथे २०२० पासून ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे.

रोज रात्री आम्ही खर्च लिहितो. डाळ काही स्वस्त झाली नाही. पण यंदा शिमग्याला उधारी नाही. तुम्हीही आजच वही करा.