नखं, केस आणि हज : नखं तपासण्याआधी हे वाचा



दर सोमवारी परिपाठानंतर आपण मुलांची नखं तपासतो. 2023 च्या जूनमध्ये अशाच एका सोमवारी माझ्या वर्गातल्या एका मुलाने हात मागे लपवले. नखं वाढलेली होती. मी चार मुलांसमोर त्याला रागावले आणि वहीत शेरा लिहिला. तो काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. म्हणाली, "मॅडम, त्याचे दादा-दादी हजला गेलेत. दादा तिकडे नखं कापत नाहीत, म्हणून हा पण कापू देत नाही. लहान मुलाला असलं काही बंधन नसतं हो, पण ऐकतच नाही."

मला फार वाईट वाटलं. मग मी हा विषय नीट समजून घेतला. तीन टप्प्यांत लक्षात ठेवायला सोपा आहे.

1) आधी : स्वच्छता

हजसाठी 'इहराम' या अवस्थेत जावं लागतं. पुरुष बिनशिवलेली दोन वस्त्रं घेतात, बायका आपले नेहमीचे अंग झाकणारे कपडे घालतात. त्याआधी नखं कापणं, मिशा बारीक करणं, बगलेतले व नाभीखालचे केस काढणं, मग आंघोळ म्हणजे गुस्ल करणं चांगलं मानतात. पुरुष अंगाला अत्तरही लावतात. ही सक्ती नाही. आठवड्यापूर्वीच नखं कापली असतील तर पुन्हा कापायची गरज नाही. पण एरवीसुद्धा ही सफाई 40 दिवसांपेक्षा जास्त लांबवू नये, असं हदीसमध्ये सांगितलं आहे. म्हणजे अस्वच्छ राहायला धर्म सांगतो, हा आपला गैरसमज आहे.

मक्केच्या वाटेवर 'मीकात' नावाच्या ठरलेल्या हद्दी आहेत. त्या ओलांडण्याआधी इहराम लागतो. जेद्दाला जाणारं विमान उतरण्याआधीच ही हद्द ओलांडतं. म्हणून बरेच यात्रेकरू निघण्यापूर्वीच आंघोळ उरकून इहरामचे कपडे घालतात. आधी मदिनेला जाणारे मात्र तिथून मक्केला निघताना इहराम घेतात.

2) मध्ये : हात लावायचा नाही

एकदा इहराम सुरू झाला की नखं, केस कापायचे नाहीत, अत्तर लावायचं नाही. सुवासिक साबणही टाळतात. आंघोळ मात्र चालते. केस आपोआप गळला तर दोष नाही, तुटून लोंबणारं नख काढता येतं. डोक्याला काही त्रास असेल तर केस काढायची सवलत कुराणाच्या दुसऱ्या सूरेत (आयत 196) आहे. त्याबदल्यात तीन रोजे, सहा गरिबांना जेवण किंवा कुर्बानी, यातलं एक करायचं.

3) नंतर : केस देणं

10 जिल्हेजला, म्हणजे ईदच्या दिवशी, मीनामधले विधी झाल्यावर पुरुष डोकं भादरतात किंवा केस बारीक करतात. बायका बोटाच्या पेराएवढे केस कापतात. म्हणूनच हजहून आलेले आजोबा टकलू दिसतात. मुलं हसली तर त्यांना तीर्थक्षेत्री मुंडन करून आलेल्या आपल्या आजोबांची आठवण करून द्या. लगेच समजतं.

घरी राहिलेल्यांचं काय?

ज्याला बकरी ईदला कुर्बानी करायची आहे, तो जिल्हेजचा चाँद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत नखं-केस कापत नाही. आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले बरेच शाफई. दोन्हींत हे पाळणं चांगलं मानतात, पण सक्तीचं नाही. काही घरांत सगळेच पाळतात. श्रावणात दाढी न करणारे आपले काका आठवा!

वर्गात काय करावं?

- रागावण्याआधी कारण विचारा, तेही बाजूला घेऊन. सगळ्यांसमोर मुलाला धर्म समजावून सांगायला लावू नका.
- या दिवसांत नखांची लांबी बघू नका, नखाखालची घाण बघा. साबणाने हात धुणं, नखं ब्रशने घासणं यात काहीच आड येत नाही.
- प्रत्येक मुस्लिम घरात हे पाळतातच, असं गृहीत धरू नका.
- पालकहो, तुम्ही पाळत असाल तर डायरीत एक ओळ लिहा. आम्हाला खरंच मदत होते.

त्या मुलाची मी माफी मागितली आणि वहीतला शेरा खोडला. ईदनंतरच्या सोमवारी त्याने दोन्ही हात सगळ्यात आधी पुढे केले. नखं छान कापलेली होती. "बाई, दादांनी पण कापली," म्हणाला.

नखं तपासणं चुकीचं नाही. आधी न विचारणं चुकीचं होतं. तुमच्या वर्गात असा प्रसंग घडला असेल तर जरूर कळवा.