वॉच लागल्यापासून वॉर्निंग येईपर्यंत

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत मार्च उजाडला की दोन्ही एकदमच येतात, भारतातून आई-बाबा आणि वादळांचा हंगाम. सहा महिन्यांच्या मुक्कामाची तिकिटं काढताना आपण थंडी टाळतो, नातवंडांच्या सुट्ट्या बघतो. एप्रिल-मे हे इथले टॉर्नाडोचे महिने, हे मात्र कुणाच्या ध्यानात नसतं. मग एखाद्या दुपारी भोंगे वाजतात. घरात फक्त सासू-सासरे आणि पाळण्यातलं बाळ. सून ऑफिसातून फोन करते, "बाबा, खालच्या बाथरूममध्ये जाऊन बसा." बाबा विचारतात, "का गं?" त्या 'का'चं उत्तर द्यायला तेव्हा वेळ नसतो. ते आधी देऊन ठेवता यावं म्हणून हे लिहिते आहे.

वादळाचा माग काढायची इथली सरकारी व्यवस्था फार चांगली आहे आणि फुकट आहे. ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावचं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर रोज देशाचा नकाशा रंगवून कुठे तीव्र वादळं उठू शकतात ते सांगतं. आठ दिवस पुढपर्यंतचा अंदाज तिथे मिळतो. आज-उद्या-परवासाठी मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय अशा पाच पायऱ्या असतात. खालच्या पायरीच्या दिवशीही टॉर्नाडो होतात, त्यामुळे रंग फिका दिसला म्हणून नकाशा मिटून टाकू नये. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा आली आहे, पश्चिमेकडून कोरडी हवा तिला भिडते आहे आणि वरच्या थरांत वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्याने बदलते आहे, असा मेळ जमला की ढग नुसता उंच वाढत नाही, तो आतून फिरू लागतो. असा फिरणारा ढग म्हणजे सुपरसेल. मोठे टॉर्नाडो बहुतेक त्याच्याच पोटातून उतरतात.

धोका जवळ आला की नॉर्मनहून 'वॉच' लागतो. तो बऱ्याच काऊंट्यांवर आणि काही तासांसाठी असतो. अर्थ एवढाच, की आज इथे टॉर्नाडो होण्याजोगी हवा आहे. 'वॉर्निंग' मात्र आपल्या भागातल्या नॅशनल वेदर सर्व्हिसच्या कचेरीतून निघते. आमच्यासाठी ती फोर्ट वर्थहून येते. ती नकाशावरच्या एका छोट्या तुकड्यापुरती असते आणि साधारण अर्धा-पाऊण तास टिकते. टॉर्नाडो दिसला आहे किंवा रडारवर ढग जोरात फिरताना पकडला गेला आहे, असं ती सांगते. त्यानंतर हातात सरासरी दहाएक मिनिटं असतात. कधी वीस मिळतात, कधी एकही मिळत नाही.

माझं सगळं सांगणं या दोहोंमधल्या वेळाबद्दल आहे. माग काढायचा तो वॉच लागलेला असताना, मन लावून. वॉर्निंग आपल्या घरावर आली की माग काढणं बंद. तेव्हा फक्त हलायचं.

20 ऑक्टोबर 2019च्या रविवारी रात्री हे मी अगदी जवळून पाहिलं. दिवाळी पुढच्या रविवारी होती. रिचर्डसनला एका मैत्रिणीकडे आम्ही फराळाला जमलो होतो. रात्री वादळ येणार हे दिवसभर सांगत होते. मैत्रिणीच्या सासूबाई, आमच्या काकू, चकल्या तळत होत्या. पुरुषमंडळी टीव्हीवर काउबॉइजचा सामना बघत होती. नऊच्या सुमारास सगळे फोन एकदम कर्कश वाजले.

त्यानंतरची पाच मिनिटं मला क्रमाने आठवतात. काकू म्हणाल्या, "तेल तापलंय, एवढा घाणा उतरवते." मैत्रिणीचा दीर मागचं काचेचं दार सरकवून पॅटिओवर गेला आणि फोनवर चित्रीकरण करू लागला. कुणीतरी म्हणालं, "थांब, रडारवर बघू दे, आपल्याकडे येतंय का." काका वरच्या मजल्यावर झोपले होते. त्यांचे गुडघे दुखरे, जिना उतरायला कठडा धरून एकेक पायरी. मी गॅस बंद करून काकूंचा हात धरला. माझ्या नवऱ्याने दिराला दंडाला धरून आत ओढलं. जिन्याखालच्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर आणि सुटकेसा होत्या, त्या बाहेर फेकाव्या लागल्या. काका सर्वांत शेवटी आत आले तेव्हा दिवे गेले होते आणि गारांचा आवाज अचानक थांबला होता. कानात दडे बसले. मग कुंपणाच्या फळ्या उखडत जाण्याचा लांबलचक आवाज आला. त्यातली एक फळी पॅटिओचं दार फोडून आत आली. मुख्य तडाखा आमच्यापासून काही गल्ल्या पलीकडून गेला.

त्या टॉर्नाडोने उत्तर डॅलसमधून रिचर्डसनपर्यंत सुमारे 15 मैलांची वाट उद्ध्वस्त केली. वारा ताशी 140 मैलांपर्यंत होता, टॉर्नाडोची तीव्रता मोजायच्या ईएफ मापावर प्रत ईएफ-3. शाळा, दुकानं, घरं गेली आणि माणूस एकही दगावला नाही. दाट वस्तीतून रात्री गेलेल्या इतक्या जोरकस टॉर्नाडोत असं क्वचित होतं. पूर्वसूचनेचा त्यात मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. नशिबाचाही आहे, आणि पुढच्या खेपेला आपण नशिबावर विसंबू नये.

उकळत्या तेलाची कढई, चित्रीकरण, 'थांब, बघू दे', वरच्या मजल्यावरचे काका आणि सामानाने भरलेली खोली ही त्या घराची खासियत नव्हे. आपल्या प्रत्येक घरात हेच घडेल. 22 मे 2011ला मिझुरीतल्या जॉप्लिनमध्ये टॉर्नाडोत दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर सरकारी तज्ज्ञांनी वाचलेल्यांशी बोलून केलेल्या अभ्यासात हेच पुढे आलं: भोंगा ऐकून बहुतेक लोक लगेच हलले नाहीत. त्यांनी टीव्ही लावला, खिडकीतून पाहिलं, शेजाऱ्याला विचारलं. एका सूचनेवर भरवसा न ठेवता दुसरी खूण शोधत राहिले. हा माणसाचा स्वभावच आहे. तो ऐन वेळी बदलत नाही, म्हणून निर्णय आधी करून ठेवावा लागतो.

वॉच लागला की आमच्या घरी आता ठरलेलं असतं. आई-बाबा, म्हणजे जे कुणी ज्येष्ठ घरी असतील ते, रात्रीचे खालच्या मजल्यावर झोपतात. जिन्याखालची जागा रिकामी केली जाते. तिथे प्रत्येकाचे बंद बूट, टॉर्च, औषधांची पिशवी, चष्मे, पासपोर्ट आणि मुलांची सायकलची हेल्मेटं जातात. हेल्मेट मोठ्यांनीही घालावं. टॉर्नाडोत माणसं दगावतात ती मुख्यतः उडणाऱ्या आणि कोसळणाऱ्या वस्तूंमुळे, आणि डोक्याची इजा जिवावर बेतते. फोन चार्ज होतात. त्या संध्याकाळी तळण नाही. काकूंना हा नियम सर्वांत आधी पटला.

आता रडारबद्दल. आपल्यातले बरेच जण संगणक क्षेत्रातले, त्यामुळे फोनवरचं रडार बघत बसण्याचा मोह भारी. बघाच, पण त्याची मर्यादा ओळखून. रडारला आकाशाची एक पूर्ण फेरी घ्यायला काही मिनिटं लागतात आणि ते चित्र आपल्या फोनवर यायला आणखी थोडा वेळ जातो. वादळ ताशी 35 मैलांनी सरकत असेल तर पाच मिनिटांत ते जवळपास तीन मैल पुढे आलेलं असतं. शिवाय रडारपासून लांब गेलं की त्याची शलाका जमिनीपासून उंच जाते. ढगाचं फिरणं दिसतं, जमिनीवर काय चाललंय ते दिसत नाही. वादळाच्या मागच्या कडेला हुकासारखा आकडा दिसला की नवखा माणूस आपण त्या हुकात आहोत की बाहेर, हे मोजत बसतो. ते काम फोर्ट वर्थच्या कचेरीतल्या लोकांवर सोपवा. त्यांच्याजवळ वाऱ्याच्या वेगाचं चित्र असतं, हवेत पालापाचोळा आणि पत्रे उडू लागल्याची खूण ओळखणारं रडार असतं आणि रस्त्यावर उभे असलेले प्रशिक्षित निरीक्षक असतात.

माग काढायला फोनवरच्या रडारहून उपयोगी एक जुनी विद्या आहे, ती म्हणजे भूगोल. इथली वादळं बहुधा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकतात. तुम्ही प्लेनोत राहत असाल तर कॅरल्टन, अर्विंग आणि ग्रँड प्रेरी तुमच्या वाटेवर आधी लागतात, त्याही आधी फोर्ट वर्थ. टीव्हीवरचा हवामानतज्ज्ञ काऊंट्यांची, गावांची, हमरस्त्यांची नावं घेत भराभर बोलतो. कॉलिन, डॅलस, डेंटन, टॅरंट ही नावं नुकत्याच आलेल्या आईला कशी कळणार? आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. वर मोठ्या देवनागरीत आपली काऊंटी आणि आपलं गाव, त्याखाली नैर्ऋत्येकडची गावं. टीव्हीवर त्या गावांची नावं आली की माझी आई स्वतःहून खोलीची तयारी बघते, मला फोन करून विचारत नाही.

भोंग्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. ते घराबाहेरच्या लोकांसाठी असतात. बंद खिडक्या, एसी आणि गारांच्या आवाजात झोपलेल्या माणसाला ते ऐकू येतीलच असं नाही. कुठल्या धोक्याला वाजवायचे याचे नियम गावागणिक वेगळे. 7 एप्रिल 2017च्या रात्री तर कुणीतरी यंत्रणेत घुसून डॅलसचे 156 भोंगे विनाकारण वाजवले होते. एकट्या टीव्हीवरही नको. 2019च्या त्या रात्री एका स्थानिक वाहिनीवर सामना काही मिनिटं तसाच चालू राहिला, सूचना उशिरा दिली गेली आणि वाहिनीने नंतर माफी मागितली. म्हणून सूचना दोन-तीन वेगळ्या वाटांनी घरात यायला हव्यात. फोनमधल्या आपत्कालीन सूचना बंद केल्या असतील तर आजच चालू करा, आणि पाहुण्यांच्या भारतातून आणलेल्या फोनवर त्या येतीलच असं धरून चालू नका. सूचना आली की आपोआप वाजणारा, तीस-चाळीस डॉलरचा वेदर रेडिओ घ्या, त्यात आपली काऊंटी नोंदवा, बॅटऱ्या घाला आणि तो झोपायच्या खोलीत ठेवा. रात्रीचे टॉर्नाडो दिवसाच्या मानाने जास्त जीव घेतात. लोक झोपेत असतात, आणि अंधारात टॉर्नाडो दिसत नाही. दिसलेच तर क्षितिजाशी ट्रान्सफॉर्मर फुटतानाचे निळे-हिरवे लखलखाट दिसतात.

लपायची जागा सगळ्यांत खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध आणि बिनखिडकीची. आमच्याकडे तळघरं क्वचितच असतात, म्हणून जिन्याखाली, आतल्या बाथरूममध्ये किंवा पँट्रीत. नव्याने आलेली जोडपी बहुधा अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्यासाठी एकच खरा उपाय आहे, तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवणं. ओळख नाही म्हणून संकोच करू नका. डबा घेऊन जा, बेल वाजवा, सांगा, की वॉच लागला तर आम्ही बाळाला घेऊन तुमच्याकडे येऊ का? मला तरी आजवर नकार दिलेलं घर माहीत नाही. आणि तुम्ही तळमजल्यावर राहत असाल तर त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका.

गाडी काढून पळायचा विचार मात्र सोडून द्या. 26 डिसेंबर 2015ला डॅलसलगतच्या गार्लंडमध्ये टॉर्नाडोत 10 माणसं गेली, त्यातले बहुतेक हमरस्त्यांच्या चौफुलीपाशी गाड्यांत होते. 31 मे 2013ला ओक्लाहोमातल्या एल रीनोचा टॉर्नाडो 2.6 मैल रुंद झाला आणि क्षणात दिशा बदलू लागला. तेव्हा ओक्लाहोमा सिटीतले हजारो लोक पळायला निघून रस्त्यावर अडकून पडले होते. टिम समारास हे टॉर्नाडोचे नाणावलेले अभ्यासक, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी त्या दिवशी आपल्या गाडीत गेले. ज्यांनी आयुष्य या वादळांच्या मागावर घातलं, त्यांनाही वादळाची चाल ऐन वेळी ओळखता आली नाही. रस्त्यात गाठलंच तर पुलाखाली थांबू नका. 3 मे 1999ला ओक्लाहोमात पुलांच्या आडोशाला थांबलेली माणसं दगावली, कारण तिथे वारा आणि मलबा दोन्ही येऊन आदळतात. जवळचं पक्कं दुकान, पेट्रोल पंपाचं बाथरूम गाठा.

तडाखा सरला तरी वॉर्निंगची वेळ संपेपर्यंत बाहेर येऊ नका. मागोमाग दुसरं वादळ असू शकतं. बाहेर पडताना बूट हवेतच, सगळीकडे खिळे आणि काचा असतात. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, काडी पेटवू नका, बाहेर पडून फोन करा. जमिनीवरची प्रत्येक तार जिवंत आहे असं समजा. भारतात तोवर बातमी पोचलेली असते आणि पुण्या-नाशिकहून एकेक फोन सुरू होतो. नेटवर्कवर ताण असतो, फोन लागत नाहीत, लागले तर बॅटरी उतरते. सगळ्या नातेवाइकांना कळवायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या आणि संदेश आधीच लिहून ठेवा: आम्ही सगळे सुखरूप आहोत, उद्या सकाळी फोन करतो.