सहारपर्यंतची वाट

मुरूड-जंजिरा

चि. बाळास,

तुझं दुबईचं तिकीट कंपनीनं काढलं, आता प्रवासाची काळजी मिटली, असं ताई म्हणाली. मला मात्र श्रीवर्धन ते मुंबईचं सहार विमानतळ याचीच काळजी जास्त आहे. तो टप्पा कंपनी बघत नाही.

विमान १२ जुलैला पहाटे चारचं. म्हणजे रात्री एकला काउंटरवर उभं राहायचं, आणि घर ११ तारखेच्या सकाळीच सोडायचं. इंदापूर-माणगावला पावसात एक ट्रक बंद पडला की तासन् तास गाडी हलत नाही. दुपारी पनवेलला मावशीकडे पोच, जेवून झोप काढ, रात्री तिथून टॅक्सी कर. निरोपाला सगळं घर गाडीत भरू नकोस. बरोबर एकच जण पुरे.

दिघीहून फेरीबोटीनं आगरदांड्याला, माझ्याकडे मुक्काम आणि मांडव्याहून पाण्यानं मुंबई, हा तुझा बेत मनातून काढ. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात, भाऊच्या धक्क्याची रो-रोही समुद्र खवळला की थांबते. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येला, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटी आता चांगल्या आहेत, पण जुलैतला समुद्र तोच आहे.

तुझा पासपोर्ट ईसीआर आहे, म्हणजे तिकडे नोकरीला जायला सरकारची मंजुरी लागते. ती ई-मायग्रेटची मंजुरी हातात आल्याशिवाय गाडी ठरवू नकोस. ती नसेल तर इमिग्रेशनवरून परत फिरवतात. ‘आता व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे बदलून देतो,’ असं एजंट म्हणाला तर निघूच नकोस, तिकीट वाया गेलं तरी चालेल. असं गेलेल्या पोराच्या पाठीशी ना करार उभा राहतो, ना विमा.

ताईच्या मसाल्याच्या डब्यात खसखस नाही ना, स्वतः बघ. तिकडे ती अमली पदार्थांत धरतात.

आणि करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी माग: तिकडे विमानतळावर न्यायला येणाऱ्याचं नाव-नंबर, आणि खोली ते साइट ने-आण कंपनीच्या बसनं की तुझ्या पगारातून. साइट लांब असली तर रोजचं भाडं पगाराचा मोठा लचका तोडतं, आणि तिथल्या उन्हात चालत जाणं अशक्य. उत्तर काय आलं ते मला रविवारपर्यंत फोनवर सांग. मावशीला मी कळवून ठेवतो.

तुझा,
मामा