जुनी सायकल आणि दुखरे हात

अनेक घरांत वडिलांची किंवा आजोबांची जुनी सायकल असते. काळ्या रंगाची, 28 इंची चाकांची आणि सळ्यांच्या ब्रेकची ही मजबूत सायकल वर्षानुवर्षे चालते. पुढे ती घरातील मुलाकडे येते. मुलगा आनंदाने सायकलवरून शाळेत जाऊ लागतो. पण थोड्याच दिवसांत त्याचे तळहात दुखू लागतात. करंगळीला मुंग्या येतात. वर्गात पेन धरणेही जड जाते. असे का होते?

मुलांनो, सायकलवर आपले वजन सीट, पेडल आणि हँडल या तीन ठिकाणी वाटले जाते. हँडलवर सर्वांत कमी भार पडला पाहिजे. हँडल फार खाली किंवा लांब असेल, तर शरीर पुढे झुकते आणि भार हातांवर येतो. तळहाताच्या करंगळीकडील बाजूला, मनगटाजवळून एक मज्जातंतू जातो. त्यावर दाब पडला, की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. बधिर बोटांनी ब्रेक वेळेवर दाबता येत नाही. म्हणून हे दुखणे अंगावर काढू नये.

प्रथम सीट पाहावी. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला, तर उंची योग्य आहे. सीटचे टोक खाली झुकलेले नसावे. ते झुकलेले असले, की आपण पुढे घसरतो आणि हातांनी शरीर मागे रेटत राहतो. दोन्ही बाजूंचे नट पान्याने सैल करून सीट सपाट करावी. हँडल लांब वाटले, तर सीट थोडी पुढे घ्यावी. फार पुढे घेतली, तर भार पुन्हा हातांवर येतो.

मग हँडलकडे वळावे. हँडल सीटच्या उंचीइतके किंवा थोडे वर असावे. हँडलच्या मधोमध एक उभा बोल्ट असतो. तो तीन-चार फेरे सैल करतात, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलके ठोकतात. आतली पाचर सुटते आणि हँडल वर घेता येते. मात्र हँडलची नळी किमान अडीच इंच आत राहिलीच पाहिजे. नाहीतर चालत्या सायकलचे हँडल हातात येईल! ब्रेकच्या सळ्या हँडलला जोडलेल्या असतात. हँडल वर घेतले, की ब्रेकही पुन्हा जुळवावे लागतात. म्हणून हे काम सायकल मिस्त्रीकडून करून घ्यावे. ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

मुठी झिजून कडक झाल्या असतील, तर मऊ रबरी मुठी बसवाव्यात. सायकल चालवताना मनगट सरळ आणि कोपर किंचित वाकलेले ठेवावे. मूठ घट्ट आवळू नये. अधूनमधून हाताची जागा बदलावी.

एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-तीन दिवस सायकल चालवून पाहावी. म्हणजे कोणत्या बदलाने आराम पडला, ते समजते. सीट पूर्ण खाली घेऊनही पाय पुरत नसतील, तर ती सायकल आपल्या मापाची नाही. ती मोठ्या भावाला द्यावी. एवढे करूनही बोटे बधिर राहिली, तर डॉक्टरांना हात दाखवावा.

शब्दार्थ : बधिर होणे – स्पर्श न कळणे. मज्जातंतू – मेंदूकडे संवेदना नेणारा तंतू. पाचर – फटीत घट्ट बसणारा तुकडा. अंगावर काढणे – उपचार न करता सहन करणे.

स्वाध्याय
1. सीटचे टोक खाली झुकले, तर हात का दुखतात?
2. हँडल वर घेताना कोणती काळजी घ्यावी?
3. 'अंगावर काढणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
4. घरातील सायकलची सीट व हँडल पाहा. काय आढळले ते पाच ओळींत लिहा.