मुलगा एवढा गप्प का झालाय?

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. दिवाळीत घरी आला तर खोलीबाहेर पडेना. दुपारी दोनला उठायचा. आता फोनवर नुसतं 'हं, हं'. पैसे मात्र वरचेवर मागतो. 'या वयात असंच असतं,' असं हे म्हणतात. मला धास्ती वाटते. व्यसन तर नसेल? – एक आई, लातूर

उत्तर : ताई, धास्ती वाटणं साहजिक आहे, पण लगेच व्यसनावर येऊ नका. उशिरा उठणं, आईवडिलांपासून जरा लांब राहणं हे या वयात होतंच. त्याची तुलना शेजारच्या मुलाशी नको, सहा महिन्यांपूर्वीच्या त्याच्याशीच करा. खेळ सुटला का? जुने मित्र तुटले का? विषय राहू लागले का? उदासी किंवा कशातच मन न लागणं जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकलं, तर नैराश्याची शक्यता धरून तज्ज्ञांना दाखवावं.

डोळे लाल होणं आणि अवेळी सपाटून भूक लागणं गांजाने होतं. पैशांचा हिशेब न लागणं, घरातल्या वस्तू नाहीशा होणं याही व्यसनाच्या खुणा. पण एखाददुसरी खूण म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय दोन्ही दुखणी अनेकदा हातात हात घालून येतात : झोप लागत नाही म्हणून मुलगा पितो आणि दारूने उदासी आणखी वाढते. आधी काय आलं, याचा निवाडा घरी करू नका. कुणीतरी मागावर आहे असं त्याला वाटू लागलं, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच न्या.

त्याची बॅग उचकू नका. दोघंच असताना, जे दिसलं तेवढंच बोला : 'तू नीट झोपत नाहीस, कुणाशी बोलत नाहीस. काय होतंय?' मग त्याला बोलू द्या. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर क्षणभरही एकटं सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर अहोरात्र, मराठीतही बोलता येतं.

रोज भरपूर पीत असल्याचं कळलं, तर दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.

तो सज्ञान आहे, त्यामुळे उपचारांना एरवी त्याची संमती लागते. तो तयार नसला तरी तुम्ही दोघं आधी समुपदेशकाला भेटू शकता. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय आणि तिथे कुटुंबालाही मार्गदर्शन मिळतं.

या रविवारी दोघंही पुण्याला जाऊन या. मार्कांचा विषय काढू नका. काहीही निघालं तरी आम्ही तुझ्या बाजूने आहोत, हे त्याने वडिलांच्याही तोंडून ऐकायला हवं.